चेट्टिनाडचं घर: पुढच्या दारातून मागच्या गल्लीपर्यंत

तमिळनाडूतल्या कानाडुकातान गावातल्या त्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की थेट मागच्या गल्लीतला उजेड दिसतो. मधली सगळी दारं एका रेषेत. आत्या बरोबर होती. तिचं बालपण वाईच्या चौसोपी वाड्यात गेलेलं. दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा आपला वाडाच की. लांब ताणलेला."

तमिळनाडूतल्या चेट्टिनाडची ही घरं नगरत्तार, म्हणजेच नाट्टुकोट्टै चेट्टियार कुटुंबांनी बांधली, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९४०च्या आसपासपर्यंत. पैसा आला तो ब्रह्मदेश, मलाया आणि सिलोनमधून. १८५२ मध्ये इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतला, इरावतीच्या खोऱ्यात भातशेती वाढली आणि तिथल्या शेतकऱ्यांना कर्ज देणारे सावकार हेच. पुरुष वर्षानुवर्षं परदेशी पेढीवर, बायकामुलं इथे गावात. हे डोक्यात ठेवून घर बघा, मग त्याची रचना आपोआप उलगडते.

बाहेर तिण्णै, आपली ओटीच. पाहुण्याने टेकायचं, व्यवहाराचं बोलायचं. मग मुगप्पु, म्हणजे दर्शनी सोपा. त्यापुढे वळवु, मुख्य चौक. वर मोकळं आकाश, चारी बाजूंनी छपरं आत उतरलेली, भोवती ब्रह्मी सागाचे खांब. पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते चौकातच उतरवून साठवायचं. हा कोरडा मुलूख आहे. मागे दुसरा चौक जेवणाखाण्याचा, त्याच्याही मागे स्वयंपाकघर आणि मागचं दार.

पण मला सगळ्यात जास्त रेंगाळायला लावलं ते वळवुच्या दोन्ही बाजूंच्या लहान खोल्यांनी. लग्न झालेल्या प्रत्येक मुलाची एक खोली. त्यात त्या जोडप्याची भांडी, कापडं, दागिने, सुनेने माहेरून आणलेलं सामान. प्रत्येक दाराला स्वतंत्र कडी, स्वतंत्र कुलूप. चौक सगळ्यांचा, खोली ज्याची त्याची. आत्याने चौकाला फेरी मारत दारं मोजली. पुढच्या भागात दहा निघाली, त्यांपैकी आठांना कुलूप होतं. राखणदार आजोबांना तमिळशिवाय काही येत नव्हतं, आत्याने कुलपाकडे बोट दाखवलं तर त्यांनी एकेका दारासमोर उभं राहून सांगितलं, "चेन्नई... सिंगापूर... चेन्नई..."

१९३०च्या मंदीत कर्जं बुडाली, तारण पडलेल्या जमिनी सावकारांच्या अंगावर आल्या. १९४२ मध्ये जपानी सैन्य शिरलं तेव्हा हजारो माणसं ब्रह्मदेश सोडून आली, आणि ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथल्या सरकारने जमिनीही ताब्यात घेतल्या. इकडे घराचे वारस वाढत गेले. दुरुस्तीला सगळ्यांची संमती लागते, ती मिळेपर्यंत छप्पर गळायला लागतं. कित्येक घरं आता फक्त लग्नाकार्याला उघडतात. काही पाडून खांब-दारं विकली गेली. कारैकुडीतल्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जुन्या वस्तूंच्या दुकानांत ती उभी करून ठेवलेली दिसतात. मला तिथे फार वेळ थांबवलं नाही.

भिंतीला हात लावल्याशिवाय मात्र येऊ नका (आधी विचारा). चुना, बारीक वाळू, हिरडा, अंड्यातला पांढरा बलक यांचे थरावर थर घोटून केलेला गिलावा. बाहेर ऊन रणरणत असताना तळव्याला माठासारखा गार लागला, आणि इतका गुळगुळीत की खिडकीचं प्रतिबिंब त्यात पडलेलं. या हाताच्या कामापुढे युरोपातून आणलेले आरसे मला फिके वाटले.

जाणाऱ्यांसाठी: मदुराई किंवा तिरुचिरापल्लीपर्यंत विमानाने या, तिथून रस्त्याने साधारण दोन तास. चेन्नईहून रेल्वेने थेट कारैकुडीलाही उतरता येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम; एप्रिल-मेमध्ये अंगण ओलांडणंही नको होतं. एका दिवसात परत फिरायचा बेत करू नका, कानाडुकातानमध्ये जुन्या घरांतच राहायची सोय आहे. सकाळी लवकर निघा. आम्ही दुपारी एकला पोहोचलो तर दार बंद, आणि आजोबा जेवून येईपर्यंत तिण्णैवर बसलो. कोणतं घर कधी उघडेल याची छापील यादी शोधू नका. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री विचारा, ते फोन करून देतात. लग्नसराईत चांगली घरं कार्यासाठी दिलेली असतात. सुटे पैसे जवळ ठेवा, चपला बाहेर काढा, देवघराचे फोटो घेऊ नका.

आत्तंगुडी गाव जवळच आहे, तिथल्या फरशीच्या कारखान्यासाठी दोन तास काढा. काचेवर लोखंडी साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट हाताने ओततात, वर वाळू-सिमेंटचा थर देऊन फरशी पाण्यात मुरवतात. भट्टी कुठेच नाही. काच सुटली की चकाकी आपोआप येते. आत्याने चार फरश्या घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवल्या. जड होतात, विमानाच्या वजनाचा हिशेब आधी करा.