पुठ्ठ्याची भोके कोण पाडतो?

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या मुलांना जेकार्ड हे विणकामाचे तंत्र समजावून सांगावे लागत नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरत असते. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि त्याच सुतातून एका चादरीवर मोर उमटतो तर दुसरीवर वेलबुट्टी. बी.एस्सी.च्या वर्गात जनुक-नियमन शिकवताना मी अनेक वर्षे हाच दाखला देत आले आहे. त्वचेची पेशी आणि चेतापेशी या दोघींजवळ प्रथिने घडवणारी तीच सुमारे २०,००० जनुके असतात. फरक पडतो तो कोणती उचलली जातात यामुळे.

चेतापेशीच्या बाबतीत मात्र न उचललेल्या धाग्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, असे माझे मत होत चालले आहे. हान्स स्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सॅलमँडरच्या जातीतील एका प्राण्याच्या भ्रूणाचा लहानसा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसवला, तेव्हा तिथे दुसरी चेतानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी) तयार झाली, आणि तीही मुख्यतः यजमान भ्रूणाच्याच पेशींपासून. (स्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळाले, मांगोल्ड त्याआधीच, १९२४ मध्येच, अपघातात गेल्या होत्या.) हा तुकडा शेजारच्या पेशींना ‘चेतापेशी व्हा’ असा हुकूम देत असावा, असे वाटणे साहजिक होते. १९९०च्या दशकात बेडकाच्या भ्रूणाच्या अशाच भागात नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने सापडली, तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. भ्रूणाच्या बाह्यस्तरातील, म्हणजे सर्वात बाहेरच्या थरातील, पेशींना त्वचेकडे वळवणारा बीएमपी नावाचा संकेत ती वाटेतच पकडून ठेवतात, आणि हा संकेत पोहोचला नाही की पेशी चेतासंस्थेच्या वाटेला लागते. एफजीएफसारखे इतर संकेतही यात भाग घेतात, तरी आरंभी एक अडसर दूर होतो, हे खरे.

पेशीच्या आतही असाच बंदोबस्त असतो. १९९५ मध्ये ओळखले गेलेले रेस्ट हे प्रथिन चेतापेशींच्या कितीतरी जनुकांवर बसून त्यांच्याभोवतीचा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवते, आणि पेशी चेतापेशी होऊ लागली की त्याचे प्रमाण घटते. उलट, त्याच सुमारास मिट१एल हे प्रथिन चेतापेशीला नको असलेल्या जनुकांवर मनाई लादते. अ‍ॅस्कल१ आणि बीआरएन२ या प्रथिनांच्या जोडीने हेच मिट१एल वापरून २०१० मध्ये उंदराच्या संयोजी ऊतीतील पेशींपासून थेट चेतापेशी बनवता आल्या.

शेजारधर्म तर याहून मजेदार आहे. जी पेशी चेतापेशी होण्याच्या दिशेने जरा पुढे सरकते, ती आपल्या पृष्ठभागावर डेल्टा हे प्रथिन मांडते. त्यामुळे शेजारणीतील नॉच हा संकेत घेणारा ग्राहक जागा होतो, तिथे चेतापेशी होण्याची जनुके दाबणारे हेस१ हे प्रथिन वाढते आणि ती शेजारीण मागे राहून विभाजत राहते. सगळ्याच पेशी एकदम पुढे गेल्या असत्या, तर पुढच्या पेशींसाठी बियाणेच उरले नसते.

यंदा वर्गातील एका मुलीने, जिच्या घरी माग आहे, विचारले, “मॅडम, पुठ्ठ्याला भोके पाडणारा कारागीर पेशीत कुठे बसतो?” मी फळ्यावर हेस१ काढले. हे प्रथिन स्वतःच्याच जनुकाला बंद करते, मग ते झपाट्याने नष्ट होते, जनुक पुन्हा सुरू होते, आणि विभाजणाऱ्या पूर्वपेशींत हा चढउतार दर दोन-तीन तासांनी चालू राहतो. इथे धागाच पुठ्ठा कातरतो आणि तोच पुठ्ठा त्या धाग्याला खाली दाबतो. ती थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मग हा आमच्यासारखा माग नाही.”