ॲव्हलॉनचा जॉन हर्ट हरवला कधी होता?

मिसिसिपी जॉन हर्ट म्हणजे ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, गाणारा गिटारवाला. त्याची गोष्ट सगळीकडं एकाच चालीवर सांगतात. 1928 ला रेकॉर्डिंग केलं, मग माणूस गायब, पस्तीस वर्षं कुणाला पत्ता नाही, आणि 1963 ला शहरातली गोरी पोरं गाडी घेऊन गेली आणि त्यांनी त्याला शोधून काढलं. एकदम पिक्चरची स्टोरी. ऐकायला भारी आहे, त्यात वाद नाही, पण मला दरवेळी हाच प्रश्न पडतो की गायब कुठं झाला होता तो? घरातच होता की. गुरं राखत होता, दुसऱ्याच्या रानात वाट्यानं राबत होता, आणि गावात कुणाकडं काही कार्यक्रम असला की गिटार वाजवत होता. पत्ता शहराला नव्हता, गावाला होता.

जरा आधीपासून सांगतो. ॲव्हलॉन म्हणजे मिसिसिपी राज्यातलं एकदम बारकं खेडं, डेल्टा नावाची नदीकाठची सपाट जमीन संपून टेकड्या सुरू होतात तिथं. हर्ट तिथं वाढला, लहानपणीच आपलं आपण गिटार शिकला. शेजारी विली नारमर नावाचा गोरा फिडलवाला (म्हणजे व्हायोलिनवाला) होता, त्याचं ओके रेकॉर्ड्स या कंपनीबरोबर जमलं आणि कंपनीचा माणूस टॉमी रॉकवेल याच्याकडं त्यानं हर्टचं नाव काढलं. म्हणजे बघा, त्या काळातल्या मिसिसिपीत, जिथं काळ्या-गोऱ्यांचं सगळं वेगळं, तिथं एका गोऱ्या वाजवणाऱ्यानं काळ्या वाजवणाऱ्याचं नाव पुढं केलं. मग फेब्रुवारी 1928 ला मेम्फिसमध्ये आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डिंग झालं. नावापुढं 'मिसिसिपी' लावलं ते पण कंपनीनंच, खप वाढावा म्हणून. रेकॉर्ड काय फार खपल्या नाहीत, वर 1929 ची मंदी आली, आणि हा परत गावाला. विषय संपला.

न्यूयॉर्कमध्ये असताना घरची आठवण येऊन त्यानं 'ॲव्हलॉन ब्लूज' केलं, ॲव्हलॉन माझं गाव, ते सारखं मनात असतं अशा अर्थाचं. सगळी पुढची भानगड या एका ओळीनं केली.

आता वाजवण्याबद्दल, कारण मला मुळात बोलायचंय ते त्याबद्दलच. ब्लूज म्हटलं की लोकांना वाटतं रडकं असणार, घोगरा आवाज, दारू, बाई सोडून गेली वगैरे. माझ्या एका मित्राला शिवाजी पेठेतल्या त्याच्या माडीवर हर्ट ऐकवला तर दोन गाणी झाल्यावर तो म्हणाला, "भावा, ह्यो म्हातारा रडतच न्हाई की, ब्लूज म्हणालास नव्हं?" बरोबर आहे त्याचं. हर्ट ओरडत नाही, कण्हत नाही, गिटार आपटत नाही. पोर झोपलंय शेजारी आणि ते उठू नये अशा बेतानं गातो. आणि गाण्यात चाललेलं काय असतं तर 'फ्रँकी' मध्ये बाई आपल्या माणसाला गोळी घालते, 'स्टॅक ओ ली' मध्ये टोपीवरून खून, 'लुई कॉलिन्स' मध्ये पोरगा मेलाय आणि आई रडतीय. एवढं सगळं रक्त, आणि आवाज असा की काल बाजारात काय झालं ते सांगतोय. मला यातच त्याची खरी ताकद दिसते. रडून सांगितलं असतं तर आपण एकदा ऐकून सोडलं असतं.

खाली अंगठा चालू असतो. नुसता अंगठा, पिक म्हणजे तार छेडायची चकती वगैरे काही नाही. सी कॉर्ड (एकत्र वाजणारे ठरावीक सूर) धरला तर पाचवी तार, चौथी तार, सहावी, परत चौथी, असं एका मापात, भजनात टाळ कसा सुरू झाला की अभंग संपेपर्यंत थांबत नाही तसा. आणि वरच्या तारांवर पहिलं बोट आणि मधलं बोट चाल वाजवतात, ती मात्र अंगठ्याच्या ठोक्यावर पडत नाही, ठोक्याच्या जरा अलीकडं, जरा पलीकडं. त्यामुळं एका माणसाचं दोन माणसांसारखं ऐकू येतं. ऐकताना वाटतं सोपंय. गिटार हातात घेतली की कळतं, अंगठ्याला वेगळं डोकं लागतं आणि आपल्याकडं डोकं एकच आहे. शिकायचं असेल तर आधी नुसता अंगठा चालवा, कंटाळा येईपर्यंत, शेजाऱ्याला येईपर्यंत, मगच वर बोटं टाका. सुरुवातीला 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' घ्या, रेल्वे कामगाराचं गाणं आहे, ज्या हातोड्यानं जॉन हेन्रीचा, म्हणजे राबून मेलेल्या दंतकथेतल्या रेल्वे कामगाराचा, जीव घेतला तो माझा घेणार नाही म्हणून काम सोडून निघालेला माणूस. किती शहाणं गाणं आहे बघा, हौतात्म्य वगैरे काही नाही, हातोडा ठेवला आणि चालायला लागला.

कागल तालुक्यातल्या माझ्या मामांना पण ऐकवलं मी. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात, दिवसभर ऊस आणि म्हशी, रात्री धारा काढून जेवण झाल्यावर देवळात. डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, "बोटं सवच्छ हायत. उगं कसरत करत न्हाई. आता कुठं असतात हे?" म्हटलं मामा, ते 1966 लाच गेले. "मग एवढ्या उशिरा का ऐकवतोस लेका," म्हणाले आणि दुसरं लावायला सांगितलं. आता विचार करा, उद्या पुण्या-मुंबईची पोरं माईक घेऊन मामांच्या गोठ्यात आली आणि रील टाकलं की आम्ही हरवलेला पेटीवाला शोधला, तर गाव हसून मरेल. रोज रात्री देवळात असतोय माणूस.

तर ती 1963 ची गोष्ट. मध्ये 1952 ला हॅरी स्मिथनं अमेरिकन लोकसंगीताचा जो मोठा संग्रह काढला त्यात हर्टची दोन गाणी होती, त्यामुळं शहरात त्याचे चाहते तयार झाले होते, आणि सगळ्यांनी धरून चाललेलं की हा कधीच गेला असणार. मग टॉम हॉस्किन्स हा ब्लूजवेडा आणि त्याच्या मंडळींच्या हातात 'ॲव्हलॉन ब्लूज' पडलं. नव्या नकाशात गावच नाही, जुन्या ॲटलासमध्ये ग्रीनवुड आणि ग्रेनेडाच्या मध्ये सापडलं. हॉस्किन्स गेला, विचारलं, लोकांनी सरळ घर दाखवलं. एवढंच. हर्टला आधी वाटलं एफबीआयवाला, म्हणजे सरकारी तपासवाला, आला, आपण काय गुन्हा केला. लोक हा किस्सा हसत सांगतात, मला हसू येत नाही. मिसिसिपीत, त्या वर्षी, अनोळखी गोरा माणूस दारात येऊन नाव विचारतो. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच राज्यात जॅक्सन शहरात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घातली. भीती वाटणारच की.

पुढची तीन वर्षं मात्र झकास. 1963 च्या न्यूपोर्ट फोक फेस्टिवलला लोक येडे झाले, लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयासाठी भरपूर रेकॉर्डिंग झालं, कॉलेजात कार्यक्रम, नवीन अल्बम. सत्तरी गाठलेला माणूस आणि हाताला जराही गंज नाही, आणि हाच माझा पुरावा आहे, पस्तीस वर्षं गप्प बसलेली बोटं अशी वाजत नाहीत. नोव्हेंबर 1966 ला ग्रेनेडात गेला. त्याच्या 'कॉफी ब्लूज' मधल्या चमचाभर कॉफीच्या ओळीवरून 'लव्हिन स्पूनफुल' या बँडनं नाव घेतलं, गिटारवाल्या जॉन फेहीनं त्याच्यासाठी शोकगीत वाजवलं, आणि आज जगात कुठंही कुणी बोटांनी गिटार शिकायला बसलं की कधी ना कधी त्याच्या 'कँडी मॅन' वर येऊन अडकतंच.

कोल्हापुरात बसून असलं काय ऐकतोस असं विचारणाऱ्यांसाठी एक सांगतो. 1977 ला व्हॉयेजर यानावर जी सोन्याची तबकडी पाठवली तिच्यावर केसरबाई केरकर आहेत, म्हणजे शाहू महाराजांनी ज्यांना कोल्हापूर दरबारात ठेवलं त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि त्याच तबकडीवर टेक्सासचा ब्लूजवाला ब्लाइंड विली जॉन्सन आहे, 1927 चं रेकॉर्डिंग, स्लाइड गिटार (तारांवर काहीतरी घसरवत वाजवलेली) आणि नुसतं गुणगुणणं. ते दोघं एका गाडीत बसून ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात पोचले, तर मला रंकाळ्यावर हेडफोन घालून ब्लूज ऐकायला काय हरकत आहे.

2024 च्या फेब्रुवारीत ॲव्हलॉनमधलं हर्टचं जुनं घर, ज्याचं म्युझियम केलं होतं, ते जळालं. आणि ऑगस्टमध्ये आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. त्या रात्री आगीपुढं उभी राहिलेली म्हातारी माणसं मी बघितलीत, त्यामुळं ॲव्हलॉनच्या बातमीवर नुसतं 'अरेरे' म्हणून पुढं जाता येत नाही. जास्त लिहीत नाही यावर.

ऐकायचं कुठून म्हणाल तर आधी 1928 ची तेरा गाणी. खरखर आहे, ती सहन करा, तिशीतला हर्ट आहे तो आणि अंगठा नुसता पळतो. मग व्हॅनगार्ड कंपनीचा 1966 चा 'टुडे' अल्बम, तिथं लय जरा सैल झालीय आणि मला खरं तर तीच जास्त आवडते, जाणकार काहीही म्हणोत. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, त्यावर बास, म्हणजे खालचे सूर, ऐकूच येत नाहीत, आणि अंगठा ऐकू आला नाही तर तुम्ही अर्धाच जॉन हर्ट ऐकताय.