गणपतीआधीचा रंग

कोकणात घराला रंग देण्याचा मुहूर्त बहुतेक वेळा गणपती ठरवतात. चाकरमानी यायच्या आत घर उजळावे, ही इच्छा रास्तच आहे. परंतु श्रावणात बाहेरच्या भिंतीला रंग लावला, तर भिंतीतले पाणी आतच कोंडले जाते आणि वर्षभरात पोपडे सुटू लागले की दोष डब्याला दिला जातो. म्हणून गणपतीसाठी आतली खोली आणि पडवी तेवढी उजळावी आणि बाहेरचे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रत्नागिरीच्या पट्ट्यात पावसाळ्यात सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभा हा कोकणातला दगड मुळातच सच्छिद्र असल्यामुळे त्याच्या चिऱ्यांची भिंत हे पाणी आतपर्यंत शोषून घेते, आणि वरून कोरडी दिसू लागल्यानंतरही कित्येक आठवडे ती ओल सोडत राहते. प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूस दव धरले, तर रंगाऱ्याला अजून बोलावू नये.

समुद्राकडच्या भिंतीचा प्रश्न याहून वेगळा आहे. वाऱ्याबरोबर आलेले मीठ तिच्यावर साचते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्यावरच रंग लावला तर खालून फोड येतात. त्यामुळे ही भिंत आधी गोड्या पाण्याने धुतली पाहिजे. खाडीकाठच्या ज्या विहिरींचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते, ते पाणी या कामाला वापरले तर धुण्याचा उपयोगच राहत नाही. शेवाळ नुसते खरवडून भागत नाही, कारण ते मुळासकट मेले नाही तर रंगाखालून पुन्हा वर येते; ब्लीचिंग पावडरचे पाणी लावून, थोडा वेळ ठेवून, ब्रशने घासून भिंत स्वच्छ धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. जुन्या घरातील दारे-खिडक्यांचा ऑइलपेंट घासताना मात्र पृष्ठभाग ओला ठेवावा आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नये. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता असते आणि त्याची कोरडी धूळ श्वासावाटे शरीरात जाते.

नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर घाई करण्याचे कारण नाही. ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे रंग फिका पडतो आणि पांढरे क्षार फुलतात. निदान २८ दिवस तरी थांबावे, आणि गिलावा पावसाळी हवेत झाला असेल तर त्याहून जास्त. जुनी भिंत चिऱ्याची आणि चुन्यात बांधलेली असेल, तर तिला प्लॅस्टिक पेंट लावूच नये, असे मी म्हणेन. चुन्याची सफेती दर वर्षी करावी लागते हे खरे, पण ती ओल बाहेर जाऊ देते. अशा भिंतीवर चकचकीत रंग चढवला, की पाणी आतल्या बाजूने वाट काढते.

प्रत्यक्ष रंगकामात सर्वाधिक नुकसान पाणी मिसळताना होते. डब्यावर प्रमाण छापलेले असूनही ते अंदाजाने ओतले जाते, रंग पातळ होतो आणि त्याचे संरक्षणही तेवढेच उरते. प्राइमरचा एक हात, त्यावर रंगाचे दोन, आणि प्रत्येक हातानंतर डब्यावर सांगितलेला अवधी, एवढे पाळले गेले तरी बरेच साधते. सकाळी दव असताना सुरुवात करू नये; भिंत सुकल्यावर, ऊन तिच्यावरून सरले की काम करावे, कारण तापलेल्या भिंतीवर रंग नीट पसरण्याआधीच वाळतो.

लोखंडी ग्रिलबाबत हयगय करू नये. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, त्यामुळे गंजावरून लावलेला रंग तो गंजच ढकलून काढतो, आणि छज्ज्यातली सळई गंजली तर तिच्या भोवतीचे काँक्रीटही फुटते. तारेच्या ब्रशने धातू उघडा करून त्याच दिवशी प्राइमर लावावा. खाऱ्या हवेत एका रात्रीतही त्यावर तांबूस पापुद्रा धरतो.

दर वर्षी पाऊस सरला की घराला एक फेरी मारून पागोळ्यांचे पाणी उडते ते जोते, खिडक्यांखालच्या कडा आणि गिलाव्यातल्या भेगा पाहाव्यात. पश्चिमेची भिंत इतरांच्या आधी पुन्हा रंगवावी लागणार, हे गृहीत धरून डब्यावरचा रंगाचा क्रमांक लिहून ठेवावा. तेवढीच भिंत रंगवायची झाली, तर मध्येच न थांबता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी, म्हणजे जुन्या-नव्या रंगातला फरक कडेवर जाऊन लपतो.