“सोडवलं” म्हणजे?

उड्डाण अकराला होतं. आठ वाजता हँगरचं दार सरकवलं, तर कुंपणाबाहेर लोक आधीच खुर्च्या टाकून बसलेले. आमचं हार्वर्ड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं प्रशिक्षण विमान, दोन आठवडे जागचं हललं नव्हतं. म्हणून इंजिन चालू करण्याआधीचं नेहमीचं काम मी नव्या पोराला दिलं. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारी यंत्रं, बंद आहेत का बघ, चाकांना ठोकळे लाव, प्रॉपेलर हाताने फिरव. मी पंखाखाली बसून टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून पाणी आलंय का ते बघत होतो.

थोड्या वेळाने आवाज आला, “दादा, मध्येच अडकलं होतं. पण सोडवलं.”

“सोडवलं म्हणजे?”

“जरा उलटं फिरवलं. आता मोकळं फिरतंय.”

बाटली मी तिथेच खाली ठेवली.

हार्वर्डच्या नाकात प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प इंजिन असतं, 600 हॉर्सपॉवरचं. नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले, त्यामुळे खालचे काही डोकं खाली करून लटकलेले. विमान उभं राहिलं की ऑइल झिरपत झिरपत त्या खालच्यांत जाऊन साचतं. हवा दाबली जाते, ऑइल दबत नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन चढायला लागला की भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. हाताने फिरवताना थांबला तर कळतं तरी. स्टार्टरने किंवा बाकीच्या पेटलेल्या सिलिंडरांनी रेटला, तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. म्हणून तर हाताने फिरवायचं. प्रॉपेलर दोन पात्यांचा, चार पाती मोजली की दोन फेरे होतात आणि नऊही सिलिंडर एकेकदा दाबातून जातात. आम्ही आठ मोजतो.

उलटं फिरवलं की मात्र खरी फसगत. तेव्हा सिलिंडरमध्ये हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, ऑइल इनटेक पाइपात ढकललं जातं आणि प्रॉपेलर छान मोकळा होतो. इंजिन चालू केलं की तेच ऑइल परत आत ओढलं जातं. वाकलेला रॉड त्याच दिवशी तुटतो असंही नाही. तो पुढच्या महिन्यातही तुटेल, हवेत.

पोरावर ओरडलो नाही. “फिरव” एवढंच मी सांगितलं होतं. “अडलं तर हात काढ आणि मला हाक मार” हे सांगायचं माझंच राहिलं होतं.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारे गृहस्थ आले. “किती वेळ लागेल?”

“आज नाही.”

“अहो, पण आता फिरतंय ना?”

हेच वाक्य मला सगळ्यात भीतिदायक वाटतं. ते बाहेर जाऊन लोकांना काय बोलले माहीत नाही. खुर्च्या उचलल्याचा आवाज मात्र बराच वेळ येत होता.

खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढले. एकातून ऑइलची धार लागली, ट्रेचा तळ झाकला गेला. मग इनटेक पाइप सोडवले. त्यातल्या एकातून आणखी निघालं, काळं आणि गार. पोरगा ट्रेकडे बघत राहिला. काही समजावायची गरज उरली नाही. मग प्लगच्या भोकातून सळई घालून प्रत्येक पिस्टन किती वर येतो ते मोजलं, आणि दुसऱ्यांदाही मोजलं. रॉड वाकला असता तर तो पिस्टन कमी वर आला असता. सगळे सारखे निघाले.

अशी विमानं उडवूच नयेत म्हणणारे आमच्यातही आहेत. दर उड्डाणाला जुना भाग झिजतो, बदललेला भाग मूळचा राहत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. इंजिनात गंजरोधक ऑइल भरा, प्लगच्या जागी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्या लावा, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदला. विमान वर्षानुवर्षं टिकेल. मी तरीही उडवणाऱ्यांच्या बाजूचा. त्या दुपारी कुणी वाद घालायला आलं असतं, तर मात्र मी गप्प बसलो असतो.

दोन दिवसांनी पुन्हा बाहेर काढलं. पोराने पाती मोठ्याने मोजली, प्रत्येक पात्याला थांबून. आठ. मग वैमानिकाने स्टार्टर दाबला, इंजिन दोनदा खोकलं आणि एक्झॉस्टमधून निळ्या धुराचा लोट उठला. पोरगा घाबरून माझ्याकडे वळला.

“तो नेहमीचा,” मी म्हटलं.