तुमचं बोट परत शिरेवर गेलं

नऊ वर्षं सोलापुरात नर्स म्हणून वॉर्डात काढली आणि इथं ब्रिटनमध्ये आल्यावर मला सुई लावायला शिकायला रबरी हातासमोर बसवलं. राग आला. खरंच राग आला.

परीक्षा दिल्या, ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेची दहाच्या दहा स्टेशनं पार केली, एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा पिन (नोंदणी क्रमांक) मिळाला. आणि वॉर्डात गेल्या गेल्या सांगितलं की इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवून ठेवायची सुई, लावायचं नाही. आधी इथलं दिवसभराचं ट्रेनिंग, मग कुणाच्या तरी नजरेखाली ठरावीक वेळा लावून सह्या. तोवर सुईला हात लावायचा नाही. ट्रेनिंगची तारीख तीन महिन्यांनी मिळाली. तेवढे दिवस मी शेजारी उभी राहून बघायची. नवीन डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या हातावर दोनदा टोचायचे आणि नियमाप्रमाणे थांबून दुसऱ्याला बोलवायचे. मला समोर शीर दिसत असायची.

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३ वर जातो तेव्हा जुलाब-उलट्यांनी सुकलेली पोरं येतात. शीर दोऱ्यासारखी, तीही हाताला लागत नाही. नाईटला ४० खाटांना आम्ही दोघी. लाइट गेली की कुणीतरी मोबाइलचा उजेड धरायचा आणि मी बोटानं चाचपून २४ नंबरची पिवळी सुई बसवायची. डॉक्टरच हाक मारायचे, ‘सिस्टर, तुम्हीच बघा.’ त्या बोटांना आता रबराच्या हातावर परीक्षा द्यायची होती.

शिकवायला साठीच्या आसपासच्या एक सिस्टर होत्या. मी दंडाला टॉर्निकेटचा पट्टा बांधला, शीर शोधली, तो सोडला. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पुसणीनं ३० सेकंद घासलं, ३० सेकंद वाळू दिलं, पट्टा परत बांधला, सुई उचलली. बाई शांतपणे म्हणाल्या, “थांबा. तुमचं बोट परत शिरेवर गेलं.”

मला कळलंच नव्हतं. ग्लोव्ह्ज घातलेत की, मी म्हणाले. त्यांनी माझ्या ग्लोव्हकडं बोट दाखवलं. त्याच ग्लोव्हनं मी टॉर्निकेट ओढलं होतं, ट्रॉली सरकवली होती, खुर्ची पुढं घेतली होती. “आता परत साफ करा.” परत केलं. पुन्हा बोट गेलं. तिसऱ्यांदाही गेलं. शेवटी मी डाव्या हाताची तर्जनी मुठीत दाबून धरली, तेव्हा जमलं.

त्या रात्री झोप लागली नाही. मनातल्या मनात भांडत होते. टोचण्याआधी शेवटचं एकदा चाचपायचं, कारण शीर सरकते. त्या एका स्पर्शामुळंच आमची सुई पहिल्या फटक्यात जाते. आणि घासायला ३० सेकंद, वाळायला ३० सेकंद म्हणजे ४० जणांमागं ४० मिनिटं. नाईटला ही ४० मिनिटं कुठून आणायची? नातेवाईक दारात उभे असतात, कापूस आणि स्पिरिट पुरवून वापरायचं असतं. हा हिशोब आजही चुकीचा आहे असं मला वाटत नाही.

पण दुसरी एक गोष्ट मला खोडता येत नाही. इथं लावलेल्या प्रत्येक सुईचा कागद असतो. निदान प्रत्येक ड्यूटीत एकदा ती जागा बघायची, लाली, दुखणं, सूज पाहून ० ते ५ असे गुण लिहायचे. २ आले की सुई काढायची. पूर्वी ठरावीक दिवस झाले की चांगली चाललेली सुईसुद्धा बदलत. ते गरजेचं आहे का, हा प्रश्न क्लेअर रिकार्ड या ऑस्ट्रेलियातल्या नर्स संशोधकानं विचारला. क्वीन्सलंडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्ण घेतले. निम्म्यांची सुई ठरल्या दिवशी बदलली, निम्म्यांची गरज पडली तरच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडं ७ टक्के. २०१२ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. केवढी टोचणी वाचली माणसांची! आणि विषय कुठला, तर आपण रोज हातानं करतो तोच.

मी किती सुया लावल्या? हजारोंनी असतील. त्यातल्या किती तिसऱ्या दिवशी लाल झाल्या? मला ठाऊक नाही. ‘लाइन आऊट झाली’ म्हणायचं आणि दुसऱ्या हाताला लावायची.

हे सगळं आईला फोनवर सांगत होते. आईनं पस्तीस वर्षं विड्या वळल्या. तिची बोटं पान न बघता दुमडतात, अजूनही. हजारावर मजुरी, आणि कारखान्यात माल देताना खराब निघालेल्या विड्या बाजूला काढतात. ते नुकसान तिचं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “माझ्या विड्या रोज मोजत होते गं. तुमच्या सुया कुणीच मोजत नव्हतं होय?”

मला उत्तर सुचलं नाही. मी विषय बदलून शेंगाचटणी पाठव म्हणाले.

सह्या आता पूर्ण झाल्यात. गेल्या आठवड्यात एका आजींच्या हाताला डॉक्टरांना दोनदा शीर मिळाली नाही, त्यांनी मला बोलावलं. मी पुसलं, वाळू दिलं, तर्जनी मुठीत धरली. पहिल्या फटक्यात लागली. आजी म्हणाल्या, “कुठं शिकलीस?” सोलापूर, मी म्हणाले, आणि दोनदा म्हणून दाखवलं.

तिकडं माझी एक ज्युनिअर अजून त्याच वॉर्डात आहे. तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, “ताई, ३० सेकंदांचं राहू दे, इथं ग्लोव्ह्ज मोजून मिळतात.” पण तिनं एक वही केली आहे. पट्टीनं आखलेले रकाने : खाट, तारीख, कुठला हात, किती दिवस टिकली, लाल झाली का. रुग्णाचं नाव नाही. सुई कुणी लावली, हा रकाना तिनं आखलेला नाही. मीही अजून तो मागितलेला नाही.