मावशींचा नऊ आणि माझा एक

विक्रोळीतल्या एका समाजमंदिरात आठवड्यातून चार संध्याकाळी मी प्रौढ महिलांना लिहायला-वाचायला शिकवते. बहुतेक जणी घरकाम करणाऱ्या आहेत, त्यामुळे कोणाच्या तरी मालकिणीकडे पाहुणे आले की वर्गातली एक सतरंजी रिकामी राहते. अक्षरओळखीबरोबर मोबाईलही शिकवायचा असतो आणि त्यातली गंमत बाहेरच्यांना कळत नाही. आम्ही अक्षरे वळणाच्या सोयीने ग, म, भ, न अशी घेतो, तर फोनवरचा मराठी कीबोर्ड क, ख, ग असा मांडलेला असतो. फळ्यावर झरझर ‘नमन’ लिहिणारी बाई फोनवर ‘न’ शोधताना घामाघूम होते.

गेल्या नोव्हेंबरात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची घाई सुरू होती. महिन्याच्या १५०० रुपयांचा प्रश्न असल्याने वर्गात दुसरा विषयच नव्हता. पन्नाशीच्या एका मावशींनी सायबरवाल्याकडे न जाता सगळे स्वतःच्या बोटाने भरायचे ठरवले. आधारचा १२ आकडी क्रमांक त्यांनी कार्डावर बोट ठेवून पहिल्याच प्रयत्नात अचूक भरला. मात्र ६ आकडी ओटीपी दोनदा चुकला.

मदतीला येणारा अभियांत्रिकीचा मुलगा ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ म्हणून मोकळा झाला. या पिढीला पाणी गेले तरी नेटवर्कच गेल्यासारखे वाटते. मग त्याने ‘द्या मावशी, मी टाकतो’ म्हणून हात पुढे केला, तो मी अडवला. शिकणाऱ्याच्या हातातून फोन काढून घेणे यासारखे पाप आमच्या कामात दुसरे नाही.

तिसऱ्या वेळी मी मावशींना ओटीपी मोठ्याने वाचायला सांगितला. त्या म्हणाल्या, ‘‘दोन, एक, शून्य, तीन...’’ मी संदेशात डोकावले, तर दुसरा आकडा इंग्रजी नऊ होता. त्याच क्षणी चूक कोणाची ते माझ्या लक्षात आले.

देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांचे वळण जवळजवळ एकच आहे. शून्य, दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे शिकणाऱ्याचा विश्वास बसतो आणि पुढे नऊपाशी तो अलगद फसतो. देवनागरी आकडे मीच हौसेने गिरवून घेतले होते. बेस्टच्या बसच्या कपाळावर तेच दिसतात, ही माझी सबब. वहीत त्यांच्या प्रत्येक ‘१’ला मी लाल शाईने ‘छान’ दिले होते.

मग आधार क्रमांक बरोबर कसा आला? त्यातही नऊ होतेच. पण कार्ड आणि फोन एकाच वेळी डोळ्यांसमोर होते, म्हणून मावशी आकार पाहून आकार दाबत होत्या. ओटीपीचा संदेश मात्र पान बदलले की नजरेआड होतो, तो नाव घेऊन तोंडात धरून न्यावा लागतो, आणि नाव घ्यायची वेळ आली की माझा शिकवलेला ‘एक’ आडवा येत होता. म्हणजे पहिल्या वेळी त्या उतरवत होत्या, दुसऱ्या वेळी वाचत होत्या. इतकी वर्षे मी या दोन्हींना ‘वाचन’च म्हणत आले. केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरतेच्या ‘उल्लास’ कार्यक्रमाची परीक्षा वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी १५० गुणांची असते. तिच्यात मावशी सहज उत्तीर्ण झाल्या असत्या.

तो आकडा नऊ असल्याचे मी सांगितल्यावर त्यांचा ओटीपी बरोबर भरला गेला. मग नवऱ्याच्या आधारचा ओटीपी हवा होता, आणि नवरा संगमेश्वरकडे गावी. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ या आमच्या भिंतीवरच्या पाटीखाली बसून मावशींनी दुसऱ्या फोनवर तो त्यांच्याकडून ऐकला. पलीकडून ‘नऊ’ आल्याबरोबर त्यांचे बोट उजवीकडच्या खालून दुसऱ्या जागेवर अचूक पडले. वर्षानुवर्षे त्या जागेवरूनच नंबर लावत आल्या आहेत. ऐकलेल्या नवाशी त्यांचे भांडण कधीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आकड्यांच्या दोन ओळी काढल्या. मावशींनी विचारले, ‘‘बाई, मग यातला खरा एक कोणता?’’ मी दोन्ही खरे असल्याचे सांगितले. त्यांना ते पटले नसावे. त्यांनी वहीत माझ्या एकाखाली बस काढली, नवाखाली फोन काढला आणि दोन्हींच्या मध्ये उभी जाड रेघ मारली.