फुगा खाली येतोय, पण फुटलेला नाही

मे महिन्यातली, हवामानाच्या फुग्याची संध्याकाळची फ्लाइट. विदर्भात या दिवसांत वळवाचा ढग कधी चढेल सांगता येत नाही, त्या दिवशीही पश्चिमेला एक काळाकुट्ट उभा होता पण लांब होता, आणि साडेपाचच्या ऑब्झर्व्हेशनसाठी फुगा त्याआधीच सोडावा लागतो, जगभर त्याच वेळेला सोडतात. हायड्रोजन भरला, वारा जरा पडल्याबरोबर सोडून दिला. खाली दोरीला रेडिओसोंड, तापमान-आर्द्रता मोजून खाली पाठवत राहणारी छोटी डबी.

नेहमीसारखा सेकंदाला पाच मीटरने चढत होता. तेवढ्यात ढग डोक्यावर आला, फुगा त्यात शिरला आणि वेग एकदम बारा-तेरा मीटर! साडेसहा किलोमीटरला तापमान उणे दहाच्या आसपास, आर्द्रता शंभराला टेकलेली, आणि तिथे चढणं मंदावलं, थांबलं, उंचीचा आकडा चक्क कमी व्हायला लागला.

नवीन जॉइन झालेला मुलगा म्हणाला, "मॅडम, फुटला बहुतेक. बंद करू का?"

म्हटलं थांब, पडायचा स्पीड बघ आधी. फुटलेला फुगा तिथून सुसाट येतो, हा दोन-अडीच मीटरने हळूहळू उतरत होता. म्हणजे फुगा शाबूत, त्याच्यावर बर्फ चढलाय. अशा ढगात शून्याखालीही पाणी थेंबाच्याच रूपात असतं, रबराला लागलं की गोठतं आणि ओझं वाढतं. साडेचार किलोमीटरला आल्यावर तापमान शून्याच्या वर, बर्फ वितळला, फुगा परत वर. परत साडेसहा, परत खाली. आम्ही दोघं स्क्रीनला चिकटून बसलेलो, बाहेर गडगडाट चालू.

मला त्या क्षणी जॉन वाइज आठवला. अमेरिकेतला, आधी पियानो बनवायचा, मग बलूनिस्ट झाला, लोकांसमोर तिकीट लावून उड्डाणं करायचा. १७ जून १८४३ ला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलहून उडाला आणि असल्याच ढगात ओढला गेला. वीसेक मिनिटं त्याचा बलून आत वर-खाली होत राहिला, दाढीमिशांवर हिमाचे कण जमले, थंडीने जीव कासावीस झाला. आणि उतरल्यावर या माणसाने हे सगळं नीट लिहून काढलं! ढगात हवा जोरात वर चढते आणि त्यातूनच पाऊस होतो, हे हवामानशास्त्रज्ञ जेम्स एस्पी त्याच काळात मांडत होता, त्याला विरोध करणारेही भरपूर होते. वाइज आत जाऊन आलेला माणूस. माझ्यासमोर जो ग्राफ उमटत होता तो त्याने अंगावर सोसला होता, आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो तो याचसाठी.

पुढे १८६२ पासून इंग्लंडात हवामानशास्त्रज्ञ जेम्स ग्लेशर बलूनच्या बास्केटमध्ये थर्मामीटर, बॅरोमीटर, आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर घेऊन उडायला लागला आणि उंचीबरोबर तापमान एकसारखं उतरत नाही हे त्याने आकड्यांनी दाखवलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला तर साडेआठ किलोमीटरच्या वर तो बेशुद्ध पडला, जोडीदार कॉक्सवेलचे हात थंडीने निकामी झालेले, त्याने गॅस सोडायच्या व्हॉल्व्हची दोरी दातांनी ओढली म्हणून दोघं वाचले. सगळे नाही वाचले. वाइज स्वतः १८७९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, मिशिगन लेकवर बलूनसकट बेपत्ता झाला, शेवटपर्यंत सापडला नाही. हे मी त्या पोराला तिथेच सांगितलं, फुगा वर-खाली करत असताना.

तिसऱ्या खेपेला फुगा ढगातून निसटला आणि मग नेहमीच्या वेगाने पार वर गेला. मेसेज, म्हणजे पुढे पाठवायचा निरीक्षणांचा अहवाल, करायला बसलो तेव्हा तो पोरगा म्हणाला, हा मधला वर-खालीचा भाग कापूनच टाकायचा ना? मेसेजमध्ये ठरावीक लेव्हल्सचेच आकडे जातात हे खरं, तिथे तो भाग नको. पण रॉ फाइलला, म्हणजे फुग्याकडून आलेल्या मूळ नोंदींना, हात लावायचा नाही असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. ढगाच्या आतला थेट डेटा रोज मिळत नाही आणि कुणीतरी कधीतरी त्यावर काम करेल. फाइलच्या शेजारी त्याच्याकडूनच अर्धं पान टिपण लिहून घेतलं, ढग कुठून आला, किती वाजता गारा पडल्या, किती मोठ्या होत्या, सगळं.